खलिफाने पुसलेली चंद्रकोर

प्रश्न असा आला आहे: "मी सहावीला इतिहास शिकवते. सर्व धर्मांचा तक्ता करताना मुलांनी इस्लामपुढे चंद्रकोर आणि तारा काढला. एका मुलीच्या वडिलांनी पालकसभा संपल्यावर हळूच विचारलं, 'बाई, हे आमच्या कुठल्या किताबात लिहिलंय?' मला सांगता आलं नाही. हे चिन्ह मूळ कुठलं, आणि इस्लामचं कधी झालं?"

ताई, त्या वडिलांना उत्तर बहुधा आधीच माहीत असावं. किताबात ते कुठेही नाही. जुन्या परंपरेत पैगंबरांच्या झेंड्यांचे उल्लेख येतात ते साध्या काळ्या आणि पांढऱ्या रंगांचे. पुढे उमय्या खलिफांचा पांढरा, त्यांच्यानंतरच्या अब्बासी खलिफांचा काळा असे रंग चालले. चंद्रकोर-ताऱ्याचं निशाण त्यात नाही.

मी मौलवी नाही आणि प्राध्यापकही नाही. तीसेक वर्षं जुनी नाणी गोळा करतोय, वाचतोय, खोटी ओळखून बाजूला काढतोय. त्यामुळे माझं उत्तर नाण्यांच्या बाजूनेच येणार. पण या विषयात ती बाजू फार कामाची आहे. धर्मग्रंथाच्या अर्थावर भांडता येतं, नाण्यावर कोर आहे की नाही यावर भांडता येत नाही.

आधी कुराणातल्या चंद्राबद्दल दोन गोष्टी, कारण चंद्र तिथे आहे. दुसऱ्या सूरेच्या, म्हणजे अध्यायाच्या, १८९ व्या आयतीत लोक नव्या चंद्रकोरींबद्दल विचारतात, आणि उत्तर मिळतं की त्या माणसांना वेळ मोजायला आणि हजचा काळ ठरवायला आहेत. म्हणजे चंद्र हे घड्याळ आहे. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. आपण अधिक महिना घालून चांद्रवर्ष ऋतूंशी जुळवून घेतो, तिथे तसा महिना नाही, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. महिना सुरू झाला की नाही हे कोर दिसण्यावर ठरतं. ईदच्या आदल्या संध्याकाळी मोहल्ल्यातली पोरं गच्चीवर का चढतात, ते तुमच्या वर्गातली मुलं तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील.

दुसरी गोष्ट सहाव्या सूरेतली, आयती ७६ ते ७८. इब्राहीम रात्री तारा पाहतो आणि म्हणतो, हा माझा पालनकर्ता. तारा मावळतो. मग चंद्र, तोही मावळतो. मग सूर्य, तोही मावळतो. जे मावळतं त्याच्यावर माझी भक्ती नाही, असं म्हणून तो तिन्हींकडे पाठ फिरवतो. एकेचाळिसाव्या सूरेत तर सूर्याला आणि चंद्राला सजदा करू नका, असं सरळच सांगितलंय. तारा आणि चंद्र एकाच गोष्टीत येतात, ते नाकारले जाण्यासाठी.

आता नाणी.

माझ्या तबकात ईराणच्या सासानी घराण्याचा दुसऱ्या खुस्रोचा एक चांदीचा द्रख्म आहे. याच शब्दाचा आपल्या शिलालेखांत 'द्रम्म' झाला, अरबांकडे 'दिरहम' झाला, आणि आपला 'दाम' त्याच घराण्यातला. खुस्रोने इ.स. ५९० ते ६२८ राज्य केलं. नाणं पातळ आणि पसरट, वजन चार ग्रॅमच्या आसपास. दर्शनी बाजूला राजाचा मुखवटा, त्याच्या मुकुटावर पंख आणि वर कोर-तारा. नाण्याच्या कडेला पुन्हा छोट्या कोरी, प्रत्येकीच्या कुशीत तारा. मागच्या बाजूला अग्निवेदी, दोन्हीकडे उभे दोन सेवक, आणि ज्वाळेच्या एका अंगाला तारा, दुसऱ्या अंगाला कोर. जरथुश्त्री राजाचं, अग्निपूजकाचं नाणं. त्यावर कोर-तारा इतक्यांदा आलाय की नवख्याच्या हातात दिलं तर तो हमखास म्हणतो, "मुसलमानी दिसतंय."

गंमत म्हणजे काही काळाने ते खरोखरच मुसलमान राज्यकर्त्यांचं नाणं झालं. ६५१ मध्ये शेवटचा सासानी राजा मारला गेला आणि ईराण अरबांच्या ताब्यात आला. पण व्यापाऱ्याला ओळखीचा छाप लागतो, आणि टांकसाळीतले कारागीर तेच होते. तेव्हा अरब सुभेदारांनी शहाणपण केलं. खुस्रोचाच ठसा चालू ठेवला, तोच मुखवटा, तीच अग्निवेदी, त्याच कोरी, आणि कडेला अरबी लिपीत फक्त 'बिस्मिल्लाह' खोदलं. पुढे राजाच्या नावाच्या जागी सुभेदाराचं नाव आलं, तेही ईराणच्या जुन्या पहलवी लिपीत. या नाण्यांना आम्ही अरब-सासानी म्हणतो. इस्लामी राजवटीत पाडलेल्या नाण्यांवर कोर-तारा पहिल्यांदा दिसतो तो इथे, आणि तो सरळसरळ उसना आहे. मालकाने घर बदललं, भिंतीवरची जुनी तसबीर तशीच राहिली.

ती तसबीर फार दिवस राहिली नाही. उमय्या खलिफा अब्द अल-मलिक याने नाणी पार बदलली. हिजरी ७७ मध्ये, म्हणजे ६९६-९७ च्या सुमारास, नवा सोन्याचा दीनार आला आणि दोन वर्षांनी नवा चांदीचा दिरहम. दोन्हींवर चित्र म्हणून काही नाही. मुखवटा गेला, अग्निवेदी गेली, तारा गेला, कोर गेली. पश्चिमेकडे चालणाऱ्या बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, धाटणीच्या नाण्यांवरचा क्रूसही गेला होता. आधी त्याचा आडवा दांडा काढून पायऱ्यांवर नुसता खांब ठेवला होता, आता तोही गेला. उरली ती फक्त अक्षरं. एका बाजूला अल्लाहशिवाय कोणी ईश्वर नाही, तो एकटा आहे, त्याचा कोणी भागीदार नाही. दुसऱ्या बाजूला तो ना कोणाचा बाप, ना कोणाचा पुत्र. कडेला साल, आणि दिरहमवर टांकसाळीचं नावही.

सगळ्या उत्तरात ही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी वाटते. इस्लामी राजवटीने पहिल्यांदा स्वतःच्या मनासारखं नाणं घडवलं तेव्हा त्यावर कोर-तारा घातला नाही, होता तो काढून टाकला. त्या घडीला त्या दरबाराला कोणी 'तुमच्या धर्माचं चिन्ह काय' असं विचारलं असतं, तर त्यांनी बोट दाखवलं असतं ते कलिम्याकडे, 'अल्लाहशिवाय कोणी ईश्वर नाही' या वचनाकडे.

याच सासानी छापाची दुसरी शाखा आपल्याकडे आली, तिचं सांगितल्याशिवाय माझ्याने पुढे जाववत नाही. पाचव्या शतकात सासानी राजा पेरोझ हूणांशी लढताना हरला, खंडणी म्हणून त्याने बरीच चांदी मोजली, आणि ४८४ मध्ये त्यांच्याच हातून मेला. त्याची नाणी हूणांबरोबर हिंदुस्थानात उतरली. त्यांच्या नकला झाल्या, मग नकलांच्या नकला. राजस्थान, माळवा, गुजरात, महाराष्ट्र अशा मुलखात काही शतकं ती चालली. दर नकलेगणिक चेहरा झिजत गेला, नाणं लहान आणि जाड होत गेलं. शेवटी राजाचा मुखवटा म्हणजे चार रेघा आणि एक ठिपका, आणि अग्निवेदी म्हणजे ठिपक्यांचा एक खांब. ही आपली गधैया नाणी. त्या खांबाच्या वरच्या अंगाला पाहिलंत तर एक कोर आणि एक तारा अजून तग धरून असतात. म्हणजे एकाच बापाची दोन लेकरं. दमास्कसला, खलिफाच्या राजधानीत, गेलेल्याने कोर पुसून टाकली, आणि महाराष्ट्र-गुजरातेत आलेल्याने चेहरा हरवला पण कोर जपली. इथल्या राजांना आणि सावकारांना त्यात इस्लाम दिसला नाही. दिसण्याचं कारणही नव्हतं.

कोर-ताऱ्याची जोडी यापेक्षाही फार जुनी आहे. मेसोपोटेमियातल्या जमिनीच्या दानाच्या दगडांवर, ज्यांना कुदुर्रू म्हणतात, वरच्या बाजूला चंद्रदेव सीनची कोर, इश्तरचा आठ टोकांचा तारा आणि शमशची सूर्यतबकडी कोरलेली असते. हा काळ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकाचा. तुम्ही महाराष्ट्रातले असल्याने हे वाचताना काहीतरी आठवलं असेल. आपल्याकडच्या वीरगळांवर आणि दानाच्या शिळांवरही माथ्याला चंद्र आणि सूर्य असतातच. आचंद्रार्क, चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालावं. दोन्ही मुलखांनी एकमेकांचं पाहून केलं असं मी म्हणणार नाही. आकाशाखाली राहणाऱ्या कुणालाही साक्षीला बोलवायला हेच दोघे सापडतात.

नाण्यांवर ही जोडी काळ्या समुद्राच्या काठी पाँटसचा राजा सहावा मिथ्रिडेटीस वापरत होता, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात. सासान्यांच्या आधीच्या, ईराणच्या पार्थियन राजांच्या नाण्यांवर आहे. बायझँटियम या ग्रीक शहराच्या नाण्यांवर आहे, म्हणजे जे पुढे कॉन्स्टँटिनोपल आणि नंतर इस्तंबूल झालं तेच शहर. आणि आपल्याकडे गुजरात-माळव्यात राज्य केलेल्या पश्चिम क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर तर जवळजवळ प्रत्येकावर आहे. मागच्या बाजूला तीन कमानींची टेकडी, खाली नदीची नागमोडी रेघ, टेकडीच्या एका अंगाला कोर, दुसऱ्या अंगाला तारा, किंवा तो किरणांचा सूर्य असेल. चष्टन आणि रुद्रदामनापासून शेवटपर्यंत हीच ठेवण राहिली. हे दुसऱ्या ते चौथ्या शतकातलं. पैगंबरांचा जन्म सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे, एवढं मुलांना फळ्यावर लिहून द्या म्हणजे पुरे.

इथेच एका फॉरवर्डचा बंदोबस्त करून टाकतो, कारण तो तुमच्याही फोनवर आलेला असणार. 'अल्लाह हा मुळात अरबांचा चंद्रदेव, पुरावा म्हणजे मशिदीवरची कोर.' हा पुरावा उलटा धरलेला आहे. कोर जर जुन्या अरबी चंद्रपूजेची शिल्लक असती, तर ती सुरुवातीच्या नाण्यांवर ठळक असायला हवी होती आणि काळाबरोबर पुसट व्हायला हवी होती. प्रत्यक्षात सुरुवातीची कोर ईराणच्या ठशातून आली, अरबस्तानातून नाही. ती पन्नासेक वर्षांत काढून टाकली गेली. आणि झेंड्यावरचं ठळक चिन्ह म्हणून ती परत आली ती जवळपास अकराशे वर्षांनी, तुर्कांच्या हातून. मधल्या एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेचा हिशोब हा फॉरवर्ड देत नाही.

अगदी रिकामी नव्हती म्हणा ती जागा. नक्षी म्हणून कोर सगळीकडे होती. जेरुसलेमच्या 'कुब्बत अस्-सख्रा' या घुमटाच्या, ६९१-९२ च्या, मोझाइकमध्ये सासानी धाटणीचे मुकुट आहेत आणि त्यांत कोरी आहेत. बाराव्या शतकाच्या शेवटी मोसुलच्या झंगी घराण्याने तांब्याची नाणी पाडली, त्यांवर मांडी घालून बसलेली एक आकृती दोन्ही हातांनी कोर धरून आहे. तो ज्योतिषातला चंद्र आहे. मशिदींच्या घुमटावर अलम, म्हणजे शिखरावरची खूण, म्हणून कोर बसू लागली तीही याच मधल्या काळात, हळूहळू. पण तेव्हा ती एकट्या मुसलमानांची नव्हती. ज्या क्रुसेडरांनी मुसलमानांशी लढाया केल्या, त्यांच्याच त्रिपोली संस्थानाच्या नाण्यांवर कोर आणि तारा आहे. इंग्लंडच्या पहिल्या रिचर्डच्या, सलाहुद्दीनशी लढलेल्या त्याच सिंहहृदयी रिचर्डच्या, राजमुद्रेवर आहे. आणि व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या शिखरावर १५१९ पासून कोर-ताराच झळकत होता. तुर्कांनी त्या शहराला दोनदा वेढा घातला, १५२९ मध्ये आणि १६८३ मध्ये. दुसऱ्या वेढ्यानंतर १६८६ मध्ये तो उतरवला आणि जागी क्रूस बसवला. दीडशेहून अधिक वर्षं चर्चवर चाललेलं चिन्ह एकाएकी शत्रूचं वाटू लागलं. कोर 'मुसलमानांची' कशी झाली ते या एका शिखरावर वाचता येतं. ती ठरवण्यात समोरच्यांचा वाटा मोठा आहे. (त्याच वेढ्यातून क्रोसाँ हा पाव जन्मला, ही कथा मात्र सोडून द्या. कोरीच्या आकाराचा तो पाव व्हिएन्नात आधीपासून भाजला जात होता.)

उस्मानी तुर्कांकडे कोर कुठून आली, याच्या दंतकथा पोत्याने आहेत. घराण्याचा मूळपुरुष उस्मान याला स्वप्न पडलं, सूफी शेख एदेबालीच्या छातीतून चंद्र निघून आपल्या छातीत शिरला. कोसोव्होच्या १३८९ च्या लढाईनंतर रक्ताच्या थारोळ्यात चंद्र-ताऱ्याचं प्रतिबिंब दिसलं. सुलतान दुसऱ्या मेहमेदने १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल घेतलं आणि शहराचं जुनं चिन्ह आपलंसं केलं. शेवटच्या कथेत थोडा दम वाटतो, कारण शहराच्या जुन्या नाण्यांवर कोर-तारा आहेच, आणि शहर पडायच्या आठवडाभर आधी, २२ मे रोजी, चंद्रग्रहण लागून गेलं होतं, त्याची चर्चाही झाली. पण शहराची ती नाणी आणि १४५३ यांच्यामध्ये हजाराहून जास्त वर्षं आहेत, आणि मधल्या काळात ते शहर क्रूसखाली नांदत होतं. मेहमेदच्या सुलतानी नाण्यांवर अक्षरंच आहेत. सुलतानाची खरी निशाणी तुघ्रा, म्हणजे नावाची वळणदार सही. इस्तंबूलच्या नौदल संग्रहालयात उस्मानी आरमारप्रमुख खैरुद्दीन बार्बारोसाचा म्हणून जो झेंडा आहे, त्यावर कोर आहे, पण सोबत दोन पात्यांची जुल्फिकार तलवार आहे, पंजा आहे, आणि सहा टोकांचा तारा आहे, जो आज आपण ज्यूंचा म्हणतो. सोळाव्या शतकात तो 'सुलेमानची मुद्रा' म्हणून मुसलमानही बिनदिक्कत वापरत. चिन्हांच्या वाटण्या तेव्हा व्हायच्या होत्या.

वाटण्या केल्या त्या युरोपच्या डोळ्यांनी. तुर्क म्हटलं की चित्रकार कोर काढू लागले. माझ्या आवडीचा नमुना नेदरलँड्सचा आहे. १५७४ मध्ये स्पेनच्या कॅथलिक राजाविरुद्ध बंड केलेल्या डच दर्यावर्दींनी चांदीची पदकं घालायला सुरुवात केली. आकार चक्क कोरीचा, आणि त्यावर अक्षरं: 'पोपपेक्षा तुर्क बरा.' ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला चिडवायला कोर वापरली. ही पदकं छायाचित्रातच पाहावीत, बाजारातली बहुतेक मागाहून पाडलेली असतात.

हळूहळू तुर्कांनीही तो आरसा मान्य केला. १७९३ मध्ये तिसऱ्या सलीमच्या कारकिर्दीत नौदलासाठी लाल झेंडा, पांढरी कोर आणि तारा असं ठरलं. १७९८ मध्ये नाईलच्या लढाईत ब्रिटिश नौदलप्रमुख नेल्सनने फ्रेंच आरमार बुडवलं, तेव्हा याच सुलतानाने त्याला गौरवण्यासाठी 'हिलाल', म्हणजे कोर, या नावाचा किताब दिला. ख्रिस्ती माणसाला इस्लामी दरबाराने द्यायचं मानचिन्ह, आणि त्यासाठी कोर निवडली, कारण युरोपला ती 'तुर्की' म्हणून लगेच ओळखू येणार होती. १८४४ मध्ये सुधारणांच्या काळात तोच झेंडा साऱ्या साम्राज्याचा झाला. ताऱ्याची टोकं आधी आठ, मग पाच. आधुनिक राज्याला राष्ट्रध्वज लागतो, तसा तो घेतला.

मग तो झेंडा धर्माचा कसा झाला? माझ्या मते इथे सगळ्यात मोठं काम एका रुग्णवाहिकेने केलं. जीनिव्हा करारानुसार युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांची खूण पांढऱ्यावर लाल क्रूस ही होती. ती धार्मिक नाही, असं करार करणारे म्हणत, पण १८७६ मध्ये तुर्की सैन्यात ती खूण आणायची वेळ आली तेव्हा आपल्या शिपायांना क्रूस खटकेल, असं उस्मानी सरकारने कळवलं, आणि आम्ही लाल कोर वापरू म्हणून जाहीर केलं. शत्रूच्या लाल क्रूसाचा मान राखू, हेही सोबत सांगितलं. पुढच्याच वर्षी रशियाशी युद्ध पेटलं आणि एकाच रणांगणावर क्रूसाची गाडी आणि कोरीची गाडी समोरासमोर उभी राहिली. 'क्रूस म्हणजे ख्रिस्ती, तर कोर म्हणजे मुसलमान' हे समीकरण यापेक्षा साफ कुठे मांडलं गेलं असेल असं वाटत नाही. १९२९ च्या करारात तुर्कस्तान, इजिप्त आणि ईराण यांची वेगळी चिन्हं मान्य झाली. ईराणचं चिन्ह मात्र सिंह आणि सूर्य. तेव्हा मुसलमान देशांतही कोर एकमुखी नव्हती.

दुसरा धक्का राजकारणाचा. सुलतान दुसरा अब्दुल हमीद याने स्वतःला जगभरच्या मुसलमानांचा खलिफा म्हणून पुढे केलं. युरोपच्या राजवटींखाली असलेल्या मुसलमानांना इस्तंबूलचा झेंडा हा मुसलमानांचा शेवटचा स्वतंत्र झेंडा वाटू लागला. इथे आपला मुलूखही या गोष्टीत येतो. १९१२ मध्ये मौलाना आझादांनी कलकत्त्यातून साप्ताहिक सुरू केलं, नाव 'अल-हिलाल'. त्याच वर्षी बाल्कन युद्धातल्या तुर्क जखमींसाठी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकीय पथक निघालं, ते मुंबई बंदरातून, लाल कोरीखाली. पहिल्या महायुद्धानंतरच्या खिलाफत चळवळीचं मुख्य ठाणंही मुंबईच होतं, आणि भायखळ्याचं खिलाफत हाऊस अजून उभं आहे. कोर या काळात हिंदुस्थानी मुसलमानाच्या टोपीवर आणि फलकावर आली. मुस्लिम लीगच्या हिरव्या झेंड्यावर आली, आणि ११ ऑगस्ट १९४७ रोजी पाकिस्तानच्या संविधान सभेने मंजूर केलेल्या झेंड्यावर गेली.

बाकीचं झेंड्यांच्या कोष्टकात सापडेल. ट्युनिशियाने १८३० च्या सुमारास घेतला, इजिप्तने १९२३ मध्ये हिरव्यावर एक कोर आणि तीन तारे घेतले, मग लिबिया, अल्जीरिया, मलेशिया, मालदीव. पण तक्त्यासाठी उपयोगी आहेत ती न बसणारी उदाहरणं. मक्का-मदिना ज्या देशात आहेत त्या सौदी अरबस्तानच्या झेंड्यावर कोर नाही, कलिमा आणि तलवार आहे. अब्द अल-मलिकच्या दिरहमसारखीच निवड म्हणा. इराक, इंडोनेशिया यांच्या झेंड्यांवर नाही. उलट सिंगापूर मुस्लिमबहुल नाही, तरी कोर आहे. ती कोवळ्या, वाढत्या राष्ट्राची, असं तिथलं सरकार सांगतं. हा अर्थ ऐकून तुम्हाला शिवाजी महाराजांची राजमुद्रा आठवली नाही तर नवल. 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः', प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी.

प्रतिपदेवरून एक खुसपट. तुर्कस्तानच्या आणि पाकिस्तानच्या झेंड्यावरची कोर नीट पाहा. उजळ कड डाव्या बाजूला आणि टोकं उजवीकडे. आपल्या आकाशात अशी कोर पहाटे पूर्वेला दिसते, वद्य पक्षाच्या शेवटी. ईदची कोर संध्याकाळी पश्चिमेला, शुद्ध पक्षाची, आणि तिची उजळ कड मावळलेल्या सूर्याकडे, म्हणजे खाली उजवीकडे. आणि तारा कोरीच्या कुशीत कधीच दिसू शकत नाही, कारण तिथे चंद्राचाच न उजळलेला भाग असतो. झेंडा काढणाऱ्यांनी आकाशाकडे पाहिलं नव्हतं, आधीच्या झेंड्याकडे पाहिलं होतं. आपल्याकडच्या बायकांची चंद्रकोर टिकली, टोकं वर करून आडवी, त्या मानाने खऱ्या बीजेच्या चंद्राच्या फार जवळ आहे.

विजापूरबद्दल आणि ताजबद्दल लोक विचारतातच, म्हणून थोडक्यात. जुना इतिहासकार फिरिश्ता सांगतो की आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ हा उस्मानी सुलतान दुसऱ्या मुरादचा मुलगा. अनेक इतिहासकारांना ही वंशावळ पटत नाही, पण घराण्याला ती सांगायला आवडत असे. ताजच्या घुमटावर कलश आहे आणि त्याच्यावर टोकं वर केलेली कोर. इथला कलश आणि तिकडची कोर एकाच दांड्यावर. त्यावरून पेटणाऱ्या वादांत मी पडत नाही, नाण्यांवर पोट भरतं ते बरं आहे.

आता तुमचा तक्ता. कोर-तारा खोडू नका. आज कोट्यवधी मुसलमान तो आपला मानतात, मशिदीवर लावतात, ईदच्या कार्डावर छापतात, आणि चिन्ह ग्रंथात नसलं म्हणजे खोटं ठरतं असं नाही. ज्यूंचा सहा टोकांचा ताराही सर्वांचं चिन्ह म्हणून पक्का झाला तो एकोणिसाव्या शतकातच. पण त्या वडिलांसारखे कित्येक जण तो आपला मानत नाहीत, त्यांचंही म्हणणं बरोबर आहे. मी तुमच्या जागी असतो तर कोरीखाली बारीक अक्षरात लिहिलं असतं, 'उस्मानी साम्राज्याचा झेंडा, १८४४', आणि शेजारी त्या मुलीकडून कलिमा लिहून घेतला असता. अक्षर तिच्या अब्बांचं असेल तर आणखी चांगलं.

आणि जमलं तर वर्गात एक गधैया घेऊन जा. खात्रीच्या दुकानदाराकडे काही शे रुपयांत मिळतं, फक्त पावती मागा आणि चकचकीत दिसलं तर घेऊ नका. मुलांना आधी चेहऱ्याची बाजू दाखवा आणि चेहरा शोधायला सांगा, वेळ लागेल. मग उलटून ठिपक्यांचा खांब उभा धरा. वर एका अंगाला कोर दिसेल.